नाशिकच्या थंडीतले पिटुनिया: ऑगस्ट ते एप्रिलच्या कामाच्या नोंदी

जागा: गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचं आवार. कंपाउंड भिंतीच्या उन्हाच्या अंगाला १२ मीटर लांब, ६० सें.मी. रुंद वाफा. गेटजवळच्या लोखंडी रॅकवर २४ टांगत्या कुंड्या, १० इंची. रोपवाटिका गच्चीवर, पारदर्शक पत्र्याच्या शेडखाली.

जाती: मल्टिफ्लोरा (लहान फूल, भरपूर संख्या), ग्रँडिफ्लोरा (मोठं फूल, नाजूक) आणि पसरणारी एक जात. तिन्हींचं बी एफ-१ संकरित, गोळी केलेलं.

१० ऑगस्ट

बियाण्याच्या आधी पाणी तपासलं. पिटुनियाला मुळांपाशी पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) ५.५ ते ६.२ लागतो. बोअरच्या पाण्याचा पीएच ७.९ आला. हा आकडा सगळे बघतात, पण खरी गोम अल्कलिनिटीत असते, म्हणजे आम्ल मारणाऱ्या क्षारांच्या प्रमाणात. ती आली लिटरला ३२० मिलिग्रॅम. म्हणजे रोज पाण्याबरोबर कुंडीत थोडा थोडा चुनाच पडणार. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी पुष्कळच सौम्य, आपल्या टाकीतल्या नमुन्याची अल्कलिनिटी १००.

आवारातली माती काळी, चुनखडीची. चमचाभर कोरड्या मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले तर सोडा फुटल्यासारखी फसफसली. अशा मातीत गंधक टाकून पीएच उतरवू, असं सुचवणारे खूप भेटतात. हिशेब असा: एक चौरस मीटर जागेत २० सें.मी. खोलीपर्यंत साधारण २५० किलो माती असते. त्यात ५ टक्के चुनखडी धरली तर १२.५ किलो चुना. एक किलो गंधक जेमतेम ३.१ किलो चुना मारतं. म्हणजे चौरस मीटरला ४ किलो गंधक, तेही मातीतल्या जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला महिने लागणार. या नादाला लागायचं नाही. काळ्या मातीत वाळू मिसळण्याच्याही नाही. थोड्या वाळूने ती माती मोकळी होत नाही, विटेसारखी आवळते.

ठरलं ते असं: काळी माती जागेवर तशीच ठेवून तिच्यावर ३० सें.मी. उंच गादीवाफा. एकूण २.२ घनमीटर मिश्रण लागेल. निम्मी लाल माती, पाव भाग जुनं कुजलेलं शेणखत, पाव भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट आणि भाताचं तूस. लाल माती घेतानाही ॲसिडचे थेंब टाकून बघायचे. जी फसफसेल ती परत पाठवायची.

२० ऑगस्ट, पेरणी

वेळापत्रक वाळवंटी शहरांकडून घेतलंय. ॲरिझोनातल्या फिनिक्ससारख्या ठिकाणी पिटुनिया हे उन्हाळी फूल नसतंच. ऑक्टोबरात लावायचं, थंडीभर बघायचं, मे महिन्याचा तडाखा बसला की उपटायचं. राजस्थानातल्या बागांतही हाच हंगाम. नाशिकची थंडी कोरडी, ऊन भरपूर आणि पाणी जड, म्हणून ते गणित इथे लागू पडतं. फरक एवढाच की त्यांना रोपवाटिकेत उन्हाशी झगडावं लागतं, आपल्याला श्रावणातल्या दमटपणाशी.

ऑगस्टच का? पिटुनियाला लवकर कळ्या धरायला मोठा दिवस लागतो, साधारण १३ तास. आत्ता दिवस पावणेतेरा तासांच्या आसपास आहे, डिसेंबरात तो ११ तासांवर येईल. दिवस लहान आणि रात्र गार असली की रोप फुटवे काढत बसतं, फूल लांबवतं. ऑक्टोबरात बी टाकणाऱ्याला फुलं बघायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो आणि तोवर निम्मा हंगाम संपलेला असतो.

९८ कप्प्यांचे दोन प्रो-ट्रे. मिश्रण कोकोपीट ३ भाग, पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) १, चाळलेलं गांडूळखत अर्धा भाग. कोकोपीटचा ५ किलोचा ठोकळा आधी १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवला, मग साध्या पाण्याने दोनदा निथळला. ही पायरी गाळली तर कोकोपीटमधलं सोडियम-पोटॅशियम रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम अडवून बसतं. निथळलेल्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) ०.६ आला, चालेल.

पिटुनियाचं सुटं बी धुळीसारखं असतं, एका ग्रॅमात दहा हजारांच्या घरात. म्हणून गोळीचं बी, कप्प्यात एक. बी झाकायचं नाही. त्याला उगवायला उजेड लागतो. गोळी वरच ठेवून तुषार पंपाने पूर्ण भिजवली. गोळीचं कवच अर्धवट ओलं राहून पुन्हा सुकलं तर आतलं बी अडकून मरतं. ट्रेवर पारदर्शक प्लास्टिक, थेट ऊन नाही, तापमान २२ ते २६.

२८ ऑगस्ट

उगवण बहुतेक कप्प्यांत दिसतेय. मल्टिफ्लोरा एकदम, पसरणारी जात मागे. प्लास्टिक आजच काढलं. मोह होतो पण ते आणखी चार दिवस ठेवलं की रोपं दोऱ्यासारखी लांबतात. आता पाणी खालूनच: ट्रे उथळ घमेल्यात दहा मिनिटं ठेवायचा, वरचा पृष्ठभाग रंग बदलायला लागला की उचलायचा.

११ सप्टेंबर

ट्रेच्या एका कोपऱ्यात रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. मर. त्या कोपऱ्यावर पन्हाळीचं पाणी ठिबकत होतं आणि हवा कोंडलेली होती. आजारी कप्पे आजूबाजूच्या एका ओळीसकट काढून टाकले, ट्रे हलवला, छोटा टेबलफॅन दिवसा चालू. उरलेल्यांना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) ५ ग्रॅम प्रति लिटर, खालून. बुरशीनाशकाची गरज पडली नाही. पाणी कमी करून वारा वाढवला की निम्मी लढाई होते. नुसतं औषध ओतून ओला ट्रे ओलाच ठेवला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

खरी पानं दोन जोड्या झाली, खत सुरू. १९:१९:१९ (विरघळणारं खत, आकडे नत्र, फॉस्फरस, पोटॅशच्या टक्क्यांचे) अर्धा ग्रॅम प्रति लिटर, एकाआड एक पाण्याला कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम. दोन्ही एकाच बादलीत कधीच नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की पांढरा साका खाली बसतो आणि दोन्ही वाया. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, घरच्या बागेत मात्र हमखास होतं.

२७ सप्टेंबर

रोपं ४ इंची कपात. मिश्रण तेच, फक्त गांडूळखत एक भाग. त्याहून जास्त नको, कारण गांडूळखताचा स्वतःचा पीएच सातच्या वर असतो.

रोप देठाला धरायचं नाही, पानाला धरायचं. देठ दाबला गेला की नवा मिळत नाही. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय ट्रेला हात लावायचा नाही, ही सूचना माळीकाकांपासून सगळ्यांना. पिटुनिया तंबाखू, टोमॅटो, मिरचीच्या कुळातला. तंबाखूचा मोझॅक विषाणू विडी-तंबाखूवरून बोटांवाटे थेट रोपात जातो, पानं चट्ट्यापट्ट्याची आणि वेडीवाकडी होतात, मग इलाज नाही. तळमजल्यावरच्या काकूंच्या टोमॅटोच्या कुंड्या रॅकपासून लांब नेल्या. पांढरी माशी आणि मावा तिथूनच येतात.

८ ऑक्टोबर

मल्टिफ्लोरा आणि ग्रँडिफ्लोराचे शेंडे खुडले, पाच-सहा पानांवर. यामुळे फूल आठवडा-दीड आठवडा पुढे जातं, पण रोप बुडापासून भरतं. पसरणाऱ्या जातीला खुडायची गरज नाही, ती आपणहून फुटते.

दसरा-दिवाळीला पिटुनिया फुललेला हवा, अशी मागणी आलीय. त्यासाठी झेंडू आहे ना! पिटुनियाला घाई केली की उंच, एककाडी रोप मिळतं.

२४ ऑक्टोबर, लागवड

परतीचा पाऊस थांबल्यावर वाफ्याला वाफसा आला. मूठभर माती दाबून सोडली की गोळा होते आणि बोटाने टोचला की फुटतो, तेव्हा लावायचं. ओल्या वाफ्यात लावलेली रोपं दोन आठवडे नुसती बसून राहतात.

वाफ्यात तिरक्या दोन ओळी, ३० सें.मी. अंतर, ८० रोपं: ५० मल्टिफ्लोरा, ३० ग्रँडिफ्लोरा. कुंड्यांत १६ मल्टिफ्लोराच्या (प्रत्येकी ३ रोपं), ८ पसरणाऱ्या जातीच्या (प्रत्येकी २). कुंडीचं मिश्रण: कोकोपीट ४, गांडूळखत १, पर्लाइट १, दर १० लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पेंड. लागवड संध्याकाळी. रोप कपात जेवढं खोल होतं तेवढंच.

पाणी: २०० लिटरच्या ड्रममध्ये निम्मं बोअरचं, निम्मं नळाचं, त्यात ६० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. आधी बादलीत विरघळवून मग ड्रममध्ये. ढवळून अर्ध्या तासाने मोजायचं, पीएच ६ च्या आसपास. मीटर दर आठवड्याला ४ आणि ७ च्या द्रावणात लावून घ्यायचा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. फॉस्फोरिक ॲसिड नाशकात कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं, पण एवढी अल्कलिनिटी नुसत्या त्याने मारली तर फॉस्फरस गरजेच्या कितीतरी पट जातो आणि तो लोह-जस्ताला अडवतो. सायट्रिक सुरक्षित आहे. त्याची खोट ही की मुळांजवळचे जिवाणू ते खाऊन टाकतात आणि थोडी अल्कलिनिटी परत येते. म्हणून ड्रम रोज ताजा, शिळं पाणी नाही.

वाफ्याच्या शेवटच्या ४ मीटरला वेगळा कॉक बसवलाय. तिथे मुद्दाम नुसतं बोअरचं पाणी, तुलनेसाठी.

९ नोव्हेंबर

पसरणाऱ्या जातीच्या ८ कुंड्यांचे दोन गट. चार कुंड्यांवर एक मीटर उंचीवर ९ वॉटचे पिवळसर एलईडी दिवे, टायमर रात्री १० ते २. उरलेल्या चार भिंतीपलीकडे, जिथे रात्री अंधार राहतो. वनस्पती दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजते. मध्यरात्री तो मोडला की तिच्या लेखी रात्र लहान. दिव्यात तांबड्या किरणांचा भाग हवा, म्हणून पिवळसर दिवा. निळसर पांढऱ्यात तो कमी असतो.

२२ नोव्हेंबर

वाफ्यात पहिली फुलं, मल्टिफ्लोराला. आणि जे दिसायला हवं होतं तेही दिसलं: शेवटच्या ४ मीटरमधली शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. खालची जुनी पानं मात्र ठीक. हा फरक नीट बघायचा. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू होतो, लोह कमी पडलं तर कोवळ्या शेंड्यापासून. लोक दोन्हीला युरिया टाकतात. लोहाच्या कमतरतेत युरियाने रोप आणखी वाढतं आणि आणखी पिवळं पडतं.

मातीत लोह असतंच, पीएच चढल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) टाकून भागत नाही, चुनखडीत ते लगेच बांधलं जातं. चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळतं ठेवणारं संयुग. त्यातलं ईडीटीए चिलेट पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही. ईडीडीएचए चिलेट लागतं: ६ टक्क्यांची पूड ०.४ ग्रॅम प्रति लिटर, रोपाला ३०० मिली, बुडाशी. द्रावण बीटासारखं लाल होतं. पानावर-फरशीवर पडलं तर लगेच पाण्याने धुवायचं. ४ मीटरपैकी २ मीटरला दिलं.

६ डिसेंबर

चिलेट दिलेल्या भागात नवी पानं हिरवी आलीत. आधीची पिवळी पानं तशीच राहिलीत, ती परत सुधारणारही नाहीत. न दिलेल्या २ मीटरमध्ये शेंडे जवळजवळ पांढरे. तुलना पुरे झाली, आजपासून तिथेही चिलेट आणि ड्रमचं पाणी.

सुकलेली फुलं काढण्याचं काम आता रोजचं. इथे सगळे एकच करतात: सुकलेली पाकळी ओढतात. पाकळीची नळी सुळकन निघून हातात येते आणि मागे हिरव्या पाच बोटांच्या मुठीत टाचणीच्या डोक्याएवढं बीजकोश राहतं. आठवडाभरात ते फुगतं, रोपाचा सगळा जोर बियांत जातो. खुडायचं ते त्या हिरव्या मुठीच्या खाली, देठासकट. बोटं चिकट होतात, कारण पानादेठांवर चिकट लव असते. त्याच लवेवर गंगापूर रोडची धूळही बसते. पानं धुवायचीच तर सकाळी लवकर आणि फुलांवर पाणी न पाडता.

कळ्यांना गोल भोकं आणि पानांवर काळी लेंडी: अळी. दिवसा सापडत नाही. संध्याकाळी बीटी (अळीला मारणारं जिवाणूंचं औषध) २ ग्रॅम प्रति लिटर, कळ्यांवर नीट बसेल असं. उन्हात मारलं तर ते दुसऱ्या दिवशीपर्यंतही टिकत नाही. मोठ्या अळ्या टॉर्च घेऊन हाताने वेचाव्या लागल्या, बीटी लहान अळीवरच चांगलं चालतं.

१५ डिसेंबर

दिव्याखालच्या चारही कुंड्या कळ्यांनी भरल्यात, दोन फुलल्यात. अंधारातल्या चार कुंड्यांची वाढ दाट, गोल आणि एकही कळी नाही. पसरणारी जात घ्यायची तर दिव्याची सोय आधी करावी. ती होणार नसेल तर मल्टिफ्लोरा बरी.

२६ डिसेंबर

गच्चीवरच्या थर्मामीटरवर पहाटे ८. निफाडकडे याहून खाली जातं, तिकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पिटुनियाला असलं काही करावं लागत नाही. कणखर झालेलं रोप हलकं दव गोठलं तरी तगतं. वाढ मात्र थांबते आणि खालच्या पानांवर जांभळट झाक येते. गार मातीत मुळं फॉस्फरस उचलत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. १२:६१:०० ओतायची घाई करू नये, ऊब आली की झाक जाते.

या महिन्यात मार खातं ते जास्त पाण्याने. उन्हाळ्यातली सवय म्हणून रोज संध्याकाळी पाणी घातलं की रात्रभर मुळं गार चिखलात. पाणी सकाळी दहाच्या सुमारास, कुंडी उचलून हलकी लागली तरच. वाफ्याला तासाला २ लिटरचे ड्रिपर, २० मिनिटं, दोन दिवसांआड.

आतल्या पानांवर भुरी दिसली. पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, सकाळी. फुलांवर डाग पडतात, म्हणून उमललेली फुलं आधी काढून घेतली.

१७ जानेवारी

अवकाळी पाऊस, दोन सरी. ग्रँडिफ्लोराची फुलं ओल्या टिश्यू पेपरसारखी चिकटून बसली. ती तशीच पानांवर राहिली की दुसऱ्या दिवशी राखाडी बुरशी धरते आणि देठात उतरते. पाऊस थांबल्याबरोबर रोपं हलवून पाणी झटकलं, सगळी भिजकी फुलं उचलली. मल्टिफ्लोरा तीन दिवसांत पूर्ववत. ग्रँडिफ्लोराला दहा दिवस लागले (२७ तारखेला लिहिलेली भर). उघड्या वाफ्यात ग्रँडिफ्लोरा पुढे लावायचा नाही, तो छपराखालच्या कुंडीसाठी.

मातीच्या चार कुंड्यांच्या काठावर पांढरी पुटं चढलीत. क्षार. टांगत्या कुंड्यांतून निथळणाऱ्या पाण्याचा ईसी २.८ आला. दर पंधरवड्याला एकदा नुसतं नळाचं पाणी, कुंडी भरून दोनदा वाहू द्यायचं, खत नाही. निथळ २ च्या खाली यायला हवी.

८ फेब्रुवारी

अंधारातल्या कुंड्यांना आत्ता कुठे पहिल्या कळ्या.

वाफ्यातली मल्टिफ्लोरा मधून उघडी पडली, फुलं फक्त टोकांना. छाटणी: प्रत्येक रोपाच्या एक तृतीयांश फांद्या, सर्वांत लांब असलेल्या, निम्म्यावर कापल्या. पुढचा तिसरा भाग दहा दिवसांनी. सगळं एकदम भादरलं तर तीन आठवडे वाफा उघडा दिसतो आणि कमिटीचे फोन येतात. कापताना खाली निदान दोन हिरवी पानं हवीत, नुसत्या तपकिरी काडीवर फूट येईलच असं नाही. लगेच कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम प्रति लिटर, चार दिवसांनी १९:१९:१९ १ ग्रॅम. नवीन फूट दिसल्यावर १३:००:४५ १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

फुलकिडे वाढलेत. जांभळ्या फुलांवर पांढरट ओरखडे पडले की तेच. निळे चिकट सापळे रॅकला चार, वाफ्याला सहा. निंबोळी अर्क ५ टक्के, संध्याकाळी.

१० मार्च

छाटलेली फूट भरली. हंगामातला सर्वांत दाट बहर आत्ताच आहे. दुपारी ३५ च्या वर जातंय, भिंत तापते आणि भिंतीकडची ओळ आधी माना टाकते. दुपारच्या उन्हात माना टाकलेल्या रोपाला लगेच पाणी घालू नये. आधी बोट घालून बघायचं. माती ओली असेल तर ते संध्याकाळी आपोआप उभं राहतं, वरून घातलेल्या पाण्याने मुळं कुजतात. ३५ टक्के हिरवी नेट, दुपारी १२ ते ४ सावली पडेल अशी. कुंड्यांना आता दोन वेळा पाणी. गंधक बंद, तिशी ओलांडल्यावर ते पानं करपवतं.

१२ एप्रिल

फूल निम्म्या आकाराचं, रंग फिका, लाल कोळी पानांखाली. आणखी पाणी-औषध घालून महिनाभर रेटता येईल, पण ते वेंटिलेटरवर ठेवणं झालं. सगळी रोपं मुळासकट काढली. बी धरलेलं नाही, संकरित जातीचं बी पुढच्या वर्षी रंग-रूप पाळत नाही.

कुंड्यांचं मिश्रण फेकलं नाही. जुनी मुळं चाळून काढली, भरपूर पाण्याने क्षार धुतले, ओलसर असतानाच गच्चीवर १५ सें.मी. थरात पसरून वर पारदर्शक प्लास्टिक, कडा विटांनी दाबलेल्या. मे अखेरपर्यंत तसंच. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. हे मिश्रण पावसाळ्यात पालेभाजीला किंवा तेरड्याला. टोमॅटो-मिरचीला नाही, आणि पुन्हा पिटुनियालाही नाही.

वाफ्यात वरचा १० सें.मी. थर काढून नवीन लाल माती-शेणखत जूनच्या आधी भरायचं. जुलैअखेर बियाण्याची मागणी: मल्टिफ्लोरा दोन ट्रे, पसरणारी जात अर्धा ट्रे दिव्यासकट, ग्रँडिफ्लोरा फक्त पोर्चसाठी वीस.